कंपनीची खुर्ची

“मशीन उघडायच्या आधी विचारायचं, शेवटचं काय शिवलंत? स्क्रू पळून जात नाहीत. आधी माणूस.”

मोठ्या मिस्त्रींचं हे सांगणं ताईंच्या कानात अजून जसंच्या तसं होतं, मधल्या खाकरण्यासकट. शिलाई मशीन दुरुस्त करायला त्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकल्या. पुढे मिस्त्रींचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी आपली हत्यारांची पिशवी ताईंच्या खांद्याला अडकवली आणि बदल्यात एकच मागितलं. “हात गेले, कान आहेत. जोवर ऐकू येतंय तोवर मला मशीन ऐकवत जा.” ताईंनी शब्द दिला. तेव्हापासून रोज दुपारी, जिथे असतील तिथून, ताई फोन लावत, तो चालत्या मशीनजवळ धरत आणि पलीकडून मिस्त्री डोळे मिटून ऐकत. डोळे मिटून हे ताईंना न दिसताच कळत असे. शिवाय दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या जुन्या मशीनला तेल घालायचं. त्या मशीनवर आता कुणी शिवत नव्हतं, पण तेल चुकलेलं मिस्त्रींना खपत नसे.

ताई दुरुस्तीची एक छोटीशी कंपनी चालवत. छोटीशी म्हणजे, संचालक दोन: ताई आणि त्यांचे यजमान. कर्मचारी एक: ताई. शाळा आणि वसतिगृहं बिलावर कंपनीचं नाव असल्याशिवाय पैसे देत नाहीत, म्हणून ती काढलेली. यजमानांना सगळी गल्ली ‘साहेब’ म्हणे, कारण ते एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि निवृत्त झालो आहोत हे त्यांना अजून कुणी पटेल अशा भाषेत सांगितलं नव्हतं.

ताई नेमधर्माच्या. सकाळची प्रार्थना चुकायची नाही, निजण्याआधी दिवसभरात ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांचे मनातल्या मनात आभार मानायचे, हे कायमचं. त्याखेरीज दरवर्षी एक नवा नेम. यंदाचा होता, दिवे लागेपर्यंत कुणाबद्दलही कुरकुर करायची नाही. नेम धरताना तो सोपा वाटला होता. वर्ष कसलं येणार आहे हे नेम धरताना कुठे ठाऊक असतं?

तर झालं असं की, कंपनीची कागदपत्रं बघणारी हिशेबवाली एकदा चहा पिता पिता म्हणाली, “ताई, तुम्ही गावभर स्कूटरवर फिरता, दिवसभर फोनवर असता. हा खर्च घरातून का करता? कंपनीकडून घ्या की. कामाचा असेल तो घ्यायचा, खासगी असेल तो सोडायचा. सोप्पं आहे.”

“पण कंपनी म्हणजे मीच ना गं?” ताईंनी विचारलं.

“नाही हो. कायद्यानं कंपनी ही वेगळी व्यक्ती असते. घरात आणखी एक माणूस राहतंय असं समजा.”

हिशेबवाली हे सहज बोलून गेली. तिला काय माहीत, समोर साहेब बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलापाशी असलेल्या खुर्च्यांपैकी एक उचलून साहेबांनी खिडकीपाशी नेली. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही असं जाहीर झालं. ती कंपनीची खुर्ची. टेबलापाशी बसले की ते ताईंचे यजमान. खिडकीपाशी बसले की कंपनी. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी चष्मेसुद्धा वेगळे केले. भाषाही वेगळी केली. टेबलावरून ते म्हणत, “अगं, स्कूटरमध्ये पेट्रोल भरलंस का?” मग उठून, चष्मा बदलून, खिडकीपाशी बसून म्हणत, “संचालकबाई, आपण पेट्रोल भरल्याचं ऐकिवात आहे. ते कोणत्या कामासाठी?”

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून ‘आपण’ ऐकायला मिळालं, म्हणून ताईंनी त्या रात्री कंपनीचेही आभार मानले.

पण कंपनी खमकी निघाली. स्कूटर निघण्याआधी आणि परतल्यावर साहेब जिने उतरून खाली जात, गुडघ्यांवर हात टेकून वाकत आणि मीटर वाचत. ताई पडदे शिवणाऱ्या पडदेवालीकडे दुरुस्तीला गेल्या आणि येताना मंडईतून भाजी घेऊन आल्या, तर मंडईचं वळण खासगी. “जाताना कामाच्या होतात, येताना भाजीच्या झालात,” कंपनी म्हणाली. मग टेबलाशी येऊन यजमानांनी विचारलं, “कोथिंबीर आणलीस ना?”

शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. आमच्या इमारतीत एका घरात शिंक आली की दुसऱ्या घरात रुमाल काढतात. वरच्या मजल्यावरचे मामा, जे कुणाचेच मामा नव्हते, ते मुद्दाम खाली आले.

“ताई, अहो हसं करून घेताय. कोपऱ्यावर गेलात तरी वेशीपर्यंत गेलात म्हणायचं. कोण मोजायला येतंय?”

“मोजायला हे जातात ना,” ताई म्हणाल्या. ही कुरकुर नव्हती. नुसती माहिती होती.

“मग साहेबांनाच सांगा वाकू नका म्हणून. त्यांची कंबर वाचेल आणि तुमचे पैसेही. माझ्या एका ओळखीच्यानं तर कुत्र्याचं खाणं कंपनीत घातलं.”

“कुत्रा कंपनीचा होता का?” साहेबांनी खिडकीतून विचारलं.

समोरची वहिनी दारातूनच म्हणाली, “मी काय म्हणते, एवढं करताच आहात तर कंपनीला गाडीच घ्यायला लावा. म्हणजे मलाही माहेरी सोडता येईल.” वहिनीचं माहेर कंपनीच्या कामात कसं बसवायचं यावर मामा आणि वहिनी यांचं जिन्यात बराच वेळ चाललं होतं. ताई हसू दाबत आत गेल्या.

हसू ओसरलं ते गुरुवारी. त्या तेलाची बाटली घेऊन निघाल्या, तर साहेब चष्मा बदलून बसले होते.

“प्रयोजन?”

“मोठ्या मिस्त्रींचं मशीन. तेल.”

“बिल होणार?”

“त्यांच्याकडून बिल?”

“बिल नाही म्हणजे ग्राहक नाही. ग्राहक नाही म्हणजे प्रवास खासगी. आणि संचालकबाई, स्कूटर आता कंपनीच्या वापराची ठरली आहे. खासगी वापर करायचा तर आदल्या दिवशी कळवलेलं बरं.” मग जरा थांबून, स्वतःलाच न आवडल्यासारखं, “नियम म्हणजे नियम.”

ताईंच्या ओठांवर जे आलं ते मोठं होतं आणि दिवे लागायला अवकाश होता. त्यांनी ते गिळलं आणि बाटली परत ठेवली. जाऊ दे, पुढच्या गुरुवारी, असं मनाशी म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी वसतिगृहाची मशीनं आली. माणूस एकदा ‘पुढच्या’ म्हणाला की गुरुवारांना पाय फुटतात. तरी दुपारचा फोन चालू होता, एवढा त्यांना दिलासा.

मग कंपनीची नजर फोनकडे वळली.

फोन ताईंच्या नावावर आणि वापर कामाचा, हे साहेबांना बघवेना. नंबर कंपनीच्या नावावर करायचं ठरलं. दोघं फोनवाल्यांच्या कचेरीत गेली. तिथे खिडकीमागे एक बाई होत्या, स्वेटर घातलेल्या, कारण एसीचा वारा थेट त्यांच्याच मानेवर येत होता. त्यांनी कागद उलटेसुलटे केले.

“नंबर सोडते आहे असं लिहून दिलंय, ही सही कुणाची?”

“माझी,” ताई म्हणाल्या.

“आणि नंबर स्वीकारला, ही?”

“तीही माझीच.”

“म्हणजे देणाऱ्या तुम्ही आणि घेणाऱ्याही तुम्हीच?”

“देणारी मी. घेणारी कंपनी.”

“कंपनी आली आहे का?”

साहेब पुढे सरकले. “कंपनी म्हणून मी आलो आहे.”

“तुम्ही यांचे कोण?”

“यजमान.”

बाईंनी दोघांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक जुना, सोसलेला थकवा होता. “हे बघा, दोन्ही सह्या अगदी एकसारख्या आहेत. वरून परत येईल. एक जरा वेगळी करून द्या.”

ताईंना ते जमेना. आपलीच सही वेगळी करायची म्हणजे आपण आपण नाही असं लिहून द्यायचं. कंपनीतर्फे सहीचा अधिकार कागदोपत्री ताईंनाच होता, म्हणून साहेब म्हणाले, शिक्का हवा. शिक्का करणाऱ्यानं घाईत की उत्साहात कोण जाणे, तो चहाच्या बशीएवढा करून दिला. तो कोणत्याच रकान्यात मावेना. साहेबांनी दात-ओठ खाऊन दाबला, तेव्हा त्याखाली ताईंची सही पार बुडून गेली. स्वेटरवाल्या बाईंनी कागद उजेडात धरला आणि पहिल्यांदाच हसल्या. “आता ठीक आहे. आता एकसारख्या दिसत नाहीत.”

ताईंनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि मानेभोवती गुंडाळायला आपला रुमाल देऊ केला. बाईंनी तो घेतला. हे सांगायचं कारण, एवढ्या प्रकरणात तेवढा एक व्यवहार बिनचूक झाला.

संध्याकाळी फोन बंद पडला. नंबर ताईंचा राहिला नव्हता आणि कंपनीचा अजून झाला नव्हता. दोन दिवसांत चालू होईल म्हणाले होते. दोन दिवस गेले, मग वरचं कुणीतरी रजेवर गेलं, मग रविवार आला. ताईंनी पडदेवालीच्या फोनवरून मिस्त्रींना लावून पाहिलं. घंटा वाजत राहिली. मिस्त्रींच्या सुनेनं त्यांना बजावून ठेवलं होतं, अनोळखी नंबर उचलायचा नाही, चोर असतात. मिस्त्रींनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल, पण सुनेचं ऐकत.

“साहेबांच्या फोनवरून करा ना मग,” पडदेवाली म्हणाली.

तेही करून झालं होतं. तोही नंबर मिस्त्रींना अनोळखी. इतक्या वर्षांत साहेबांनी त्यांना एकदाही फोन केला नव्हता. हे ताईंच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं, आणि त्या दिवशी मशीन उघडण्याआधी पडदेवालीला ‘शेवटचं काय शिवलंत’ विचारायचं त्या विसरल्या.

बुधवारी दुपारी ताई घरी परतल्या, तर खाली एक भाड्याची गाडी उभी होती आणि चालक जिन्यात टेकून जांभया देत होता. वरून साहेबांचा कंपनीचा आवाज येत होता. ताई धावत वर गेल्या आणि दारातच थबकल्या.

खोलीच्या मध्यभागी काठी टेकून मोठे मिस्त्री उभे होते. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. साहेब खिडकीपाशी, खुर्चीत, चष्म्यात.

“आपण कोणाकडे आलात?” साहेब विचारत होते.

“मशीनवालीकडे. जिवंत आहे ना ती?”

“आहेत.”

“बरं झालं.”

“येण्याचं प्रयोजन?” सवयीनं साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

“तेच की,” मिस्त्री म्हणाले. “जिवंत आहे का बघायचं होतं. दुपारचा फोन वाजेना. पहिल्या दिवशी म्हटलं, कामात असेल. मग मीच लावला. तर आतून एक बाई बोलते, हा नंबर अस्तित्वात नाही. परत लावला, परत तेच. माणसाबद्दल असं बोलतात का कुणी? गुरुवारचीही येईना. सून म्हणाली, बाबा, विसरली असेल. मी म्हटलं, विसरणारी नाही. मग दुसरं काय उरतं? म्हणून निघालो.”

साहेबांनी हळूच चष्मा काढला. दुसरा टेबलावर होता, तोही घातला नाही. ते खुर्चीवरून उठले, आपल्या उपरण्यानं बैठक पुसली आणि मिस्त्रींचा दंड धरून त्यांना तिथे बसवलं.

“ही कंपनीची…” दारातून डोकावणाऱ्या मामांनी सुरुवात केली.

“तुम्ही खाली जाऊन गाडीवाल्याला चहा विचारा,” साहेब म्हणाले.

मिस्त्री खुर्चीत जरा हलले. खुर्ची कुरकुरली. ते कान देऊन म्हणाले, “मागचा पाय सैल आहे.”

पाय सैल नव्हता. तिथली फरशीच खचलेली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण साहेब पेचकस घेऊन आले, गुडघ्यांवर बसले आणि घट्टच असलेला स्क्रू मिस्त्रींच्या देखत आणखी घट्ट केला. “आता बघा,” ते म्हणाले.

“आता कसं,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांची नजर ताईंवर गेली. ते ना रागावले ना काही. “आलीस? आज काय उघडलंयस?”

आतल्या खोलीत वसतिगृहाचं एक मशीन होतं. ताईंनी ते बाहेर आणलं, चिंधी घातली आणि चालवलं. मिस्त्रींनी डोळे मिटले. इतकी वर्षं फोनच्या पलीकडे मिटलेले डोळे ताईंनी आज समोर पाहिले. चेहरा असा, जसं कुणी दूरगावी असलेल्या लेकराचा आवाज ऐकतंय.

“शटल घासतंय,” मिस्त्री म्हणाले. “बदल.”

ताईंनी शटल, म्हणजे सुईखाली फिरणारा तो भाग, सकाळीच बदललं होतं. जुनं तिथेच टेबलावर, साहेबांच्या हाताशी पडलं होतं. दोष पट्ट्यात होता.

“बघते, मिस्त्री,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी जुन्या शटलकडे पाहिलं, मशीनमधल्या चकचकीत नव्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. ताई मशीनकडे बघत होत्या. साहेबांनी सावकाश हात पुढे केला, जुनं शटल मुठीत घेतलं आणि खिशात घातलं.

चहा झाला. निघताना मिस्त्रींनी खिशात हात घातला, तर साहेबांनी गाडीचे पैसे आधीच दिले होते. जिन्यावर त्यांनी मिस्त्रींचा हात धरला होता, आणि गाडीचं दार लावताना म्हणाले, “उद्या गुरुवार आहे. मशीनला तेल घालायला येतो. म्हणजे, येऊ. कुणीतरी नक्की येईल. माझा शब्द.” मग मिस्त्रींचा फोन मागून घेऊन त्यात स्वतःचा नंबर घातला. नाव काय घालू विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, “पोरीचा नवरा.” साहेब तसं घालून मोकळे झाले. गल्लीनं दिलेली पदवी एका वाक्यात गेली, पण चेहऱ्यावर त्याचं दुःख दिसलं नाही.

संध्याकाळी हिशेबवाली आली. साहेबांनी तिला सगळं सांगितलं, शटल सोडून. ती म्हणाली, “अहो काका, मग हा कामाचाच खर्च की. रोज दुरुस्तीबद्दल सांगतात म्हणजे तांत्रिक सल्ला झाला. फोनही घ्या, गुरुवारचं जाणंयेणंही घ्या. कुणी काही म्हणणार नाही.”

साहेब टेबलापाशीच बसले होते. “हं,” एवढंच म्हणाले.

त्या रात्री ताईंची आभारांची यादी लांबली. हिशेबवाली आली, स्वेटरवाल्या बाई आल्या, सुनेचं नाव आलं, भाड्याच्या गाडीचा चालक आला. खचलेल्या फरशीपाशी येऊन त्या थोडं थांबल्या, मग तिलाही घेतलं.

गुरुवारी सकाळी फोन चालू झाला. आणि त्याच सकाळी वसतिगृहाचा निरोप आला, मशीनं दुपारपर्यंत हवीत. टेबलभर सुट्टे भाग पसरले होते. ताईंचे हात काळे झाले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

“अगं,” साहेब म्हणाले. त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या. “तेलाची बाटली कुठली? ती लांब चोचीची ना?”

“तुम्ही?”

“शब्द मी दिलाय. तू तुझं काम कर. तेल कुठे घालायचं ते मिस्त्री सांगतीलच. चुकीचं सांगितलं तरी घालीन, तेलानं काही बिघडत नाही.” दारापाशी ते अडखळले. “गेल्या गेल्या आधी काय विचारायचं असतं?”

“शेवटचं काय शिवलंत.”

“शेवटचं काय शिवलंत,” साहेब पुटपुटले. जिना उतरताना त्यांनी ते दोनदा घोकलेलं ताईंना ऐकू आलं. वाटेत मामा भेटले; कुठे निघालात विचारलं तर साहेब म्हणाले, “जरा जाऊन येतो.”

ताई खिडकीपाशी आल्या. हात तेलकट होते, म्हणून कोपर टेकून कंपनीच्या खुर्चीला रेलल्या. खाली साहेबांनी बाटली डिकीत नीट उभी ठेवली, सांडू नये म्हणून बाजूला रुमाल खोचला. मग स्कूटरला चावी लावली. आता ते गुडघ्यांवर हात टेकतील, वाकतील, म्हणून ताई वाट बघत राहिल्या.

साहेब वाकले नाहीत. त्यांनी मान वर करून सरळ रस्त्याकडे पाहिलं आणि स्कूटर हळूच वळणाकडे नेली.